ठोकळे कोण आवरतं?

रादमिलाच्या माहेरी मोठ्याने बोलायची सोय नव्हती. वरच्या मजल्यावरचा माणूस घराघरातल्या गोष्टी सरकारात पोचवतो, असं तिच्या आईच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. जेवताना काही महत्त्वाचं निघालं की आई उठून आधी नळ सोडायची आणि मग बोलायची. पुढे राज्य बदललं, वरचा माणूसही गेला, पण आईची सवय सुटली नाही. रादमिलाने आईचे डोळे उचलले होते तसा हा स्वभावही उचलला. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. एखादं गिऱ्हाईक जरा जास्तच गोड बोलायला लागलं की ती आपोआप समोरच्या ट्रेमधल्या फ्रेम मोजायला लागायची.

नवरा रादोवान लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, त्यामुळे चेक देशातल्या पार्दुबित्से शहरात, सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बहुतेक दिवस ती आणि मुलगा वीत, दोघंच. वीतला नाद एकच, जोडायच्या ठोकळ्यांचा. नाताळला ठोकळे, वाढदिवसाला ठोकळे, वर मोठ्या झालेल्या मावसभावाने दिलेलं अख्खं पोतं. ते अंथरुणात निघायचे, बुटात निघायचे, व्हॅक्यूमच्या नळीत खडखडायचे. अनवाणी पायाखाली एखादा आला की ब्रह्मांड आठवायचं. शेवटी रादमिलाने एका जुन्या चादरीला चारी बाजूंनी नेफा शिवला आणि त्यात नाडी ओवली. चादर पसरायची, वीतने तिच्यावर खेळायचं, आणि झोपायच्या आधी नाडी ओढली की गाठोडं तयार. ते पलंगाखाली ढकललं की घर मोकळं.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी वीतने गाठोडं सोडलं आणि आईला हाक मारली. आत ठोकळे होते, पण दह्याच्या रिकाम्या डब्यांत भरलेले. एका डब्यात लाल, दुसऱ्यात पिवळे, तिसऱ्यात पांढरे. डबे तिच्याच ओट्याखालचे.

"मी नाही केलं," वीत म्हणाला. तो चिडलाच होता. "आणि ज्याने केलंय त्याला काही कळत नाही. ढीगभर लालमध्ये बारका लाल कसा सापडणार? आकाराने लावायचे असतात."

रादमिलाने आधी दागिन्यांची डबी बघितली, मग कागदपत्रांचा खण. सगळं जागच्या जागी होतं. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना तिने प्रत्येक खणाच्या फटीत एकेक दोरा अडकवला. संध्याकाळी सगळे दोरे तसेच होते, आणि पलंगाखाली निळे ठोकळेही वेगळे निघाले होते. त्याने ती जास्तच घाबरली. चोर काहीतरी नेतो तरी. काहीच न नेणाऱ्या माणसाला म्हणायचं काय?

जादा किल्ली समोरच्या शाफारझोवा काकूंकडे असायची, कुंड्यांना पाणी घालायला. काकू नीटनेटक्या, विधवा, आणि दिवसभर घरी. रादमिलाने मनात खटला चालवला आणि निकालही देऊन टाकला. कुलूप बदलायचंय, अशी थाप मारून तिने किल्ली मागितली.

काकूंनी ती लगेच आणून दिली. "घे की. पण खरं काय ते सांग, म्हणजे मी काय केलं ते मलाही कळेल."

रादमिला थँक्यू म्हणून आत आली. त्याच आठवड्यात हिरवे ठोकळेही वेगळे झाले.

आता उरला रादोवान. त्याने आपली किल्ली कोणाला दिली असेल? तिने फोन केला तेव्हा तो इटलीत होता, निदान तसं म्हणत तरी होता. कोणी फुकटात घर आवरून देतंय तर तिचा पत्ता घेऊन ठेव, माझी केबिनही आवरून घेऊ, असं म्हणून तो हसला. तो 'तिचा' म्हणाला हे रादमिलाने बरोबर टिपलं. तिने आत्ताच्या आत्ता फोटो पाठवायला सांगितला, आणि फोटो आल्यावर शेजारच्या ट्रकच्या नंबरप्लेटी मोठ्या करून करून बघितल्या. इटलीच्याच होत्या. पण फोटो जुनाही असू शकतो.

मग तिने दाढ दुखायचं निमित्त करून सकाळीच दुकानातून सुट्टी घेतली. दाराला कुलूप नव्हतं, नुसता लॅच होता. आत पायपुसण्यावर पुरुषाचे काळे बूट होते, नाड्या न बांधता आत कोंबलेल्या. बूट ओळखीचे होते.

स्वयंपाकघरात तिचे सासरे बोहुमिल बसले होते. टेबलावर चादर पसरलेली. आयुष्य त्यांनी लेथवर काढलं होतं. शरद ऋतूत त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला, आणि नाताळपर्यंत आपण ठणठणीत झालो असं ते सगळ्यांना सांगत होते. तो ठणठणीत हात आता एका पांढऱ्या ठोकळ्यावर थरथरत होता. चिमूट जुळायची, सुटायची.

"तुम्ही माझ्या कपाटांना हात लावलात?" रादमिलाने विचारलं. इतक्यावरही तिच्या तोंडून आधी तेच निघालं.

"दह्याचे डबे घेतले," ते म्हणाले. "तेवढेच."

ती कोट न काढताच खाली बसली. मग त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी बारक्या वस्तू उचलायला सांगितल्या होत्या. घरी वाटाणे घेऊन बसलं की बायको, लिबुशे, शेजारी येऊन बसायची. "एक दाणा निसटला की तिचा चेहरा बघवत नाही, पोरी. इथे पडला तर पडला." नळ दुरुस्त करायला दिलेली किल्ली त्यांच्याकडे राहिली होती. नुसते उचलून परत टाकायचा कंटाळा येतो, म्हणून रंगांप्रमाणे वेगळे लावले. "तिला सांगू नकोस."

"वीत म्हणतो, आकाराने लावायचे."

त्यांनी चादरीवरचा बारक्या ठोकळ्यांचा चुरा बघितला, मग आपला हात. "ते अवघड आहे," ते म्हणाले. आणि लाल ठोकळ्यांचा डबा चादरीवर उपडा करत, "बरं."

त्याच संध्याकाळी रादमिला काकूंकडे गेली आणि सगळं सांगून किल्ली पुढे केली. काकूंनी ऐकून घेतलं. "म्हणजे मी तशी नाही, हे तुला सासरे सापडल्यावर कळलं," एवढंच म्हणाल्या, आणि किल्ली काही घेतली नाही. उन्हाळ्यापर्यंत लिफ्टमध्ये त्या दोघी फक्त हवेबद्दल बोलत.

पुढच्या आठवड्यात लिबुशेचा फोन आला. आवाज दबका. हे रोज दाढी करून बाहेर पडतात, फिरायला जातो म्हणतात, पण बाहेर एवढा चिखल आणि बूट मात्र कोरडे. "तू बाई माणूस आहेस, खरं सांग. या वयात कोणी असेल का?" आयुष्यभर दुसऱ्यांच्या थापा पकडण्यात गेलेल्या रादमिलाला आता स्वतःची थाप ठोकावी लागली. बाबा ग्रंथालयात बसत असतील, म्हणाली. बाबांनी कधी पुस्तक उघडलेलं दोघींनाही आठवत नव्हतं.

मार्चमध्ये लिबुशे बोहुमिलच्या पाठोपाठ, पुढच्या ट्रॉलीबसने आली. रादमिलाची सुट्टी होती, तिनेच दार उघडलं. सासूबाई बुटांसकट आत शिरल्या. झोपायची खोली बघितली, बाल्कनी बघितली, आणि मग स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. बोहुमिलने काही लपवलं नाही. बारके एका डब्यात, लांबट दुसऱ्यात, चाकं तिसऱ्यात.

"काय शोधतेस?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," म्हणून ती समोरच्या खुर्चीवर टेकली.

तेवढ्यात बोहुमिलच्या बोटांतून एक ठोकळा सुटून खाली गेला. ती वाकायला लागली.

"राहू दे. मी उचलतो."

त्यांना बराच वेळ लागला. तेवढा वेळ लिबुशे खिडकीबाहेर बघत राहिली, समोरच्या इमारतीत कोणी गाद्या झटकत होतं तिकडे.