थिनर ओळखणारं नाक

किसन गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका रिक्षाच्या मडगार्डचा पोचा काढत होतो. फोन त्याच्या बायकोचा, शेवंतावहिनींचा. "भाऊजी, गेले ते," एवढंच म्हणाल्या. मी "बरं" म्हणालो. काय बरं, कुणास ठाऊक... फोन खिशात टाकला, उरलेला पोचा काढून घेतला आणि मग शटर ओढलं. महिना उलटून गेला, अजून रडू आलेलं नाही. दहाव्याला सगळे कावळ्याची वाट बघत होते आणि मी समोरच्या जीपचा रंग बघत होतो. दारावर ओघळ आला होता. थंडीत कुणीतरी स्लो थिनर घातला असणार.

आळेफाट्यावर आमचं दोघांचं गॅरेज. मी ठोकायचो, तो रंगवायचा. गाडीच्या रंगात तो कडक करणारा हार्डनर मापानं पडतो, त्याला डोकं लागत नाही. खरी मेख रंग पातळ करणाऱ्या थिनरची. फास्ट थिनर लवकर उडतो, स्लो सावकाश. गारठ्यात स्लो घातला तर रंग ओघळतो. उन्हात फास्ट घातला तर पत्र्यावर पोचेपर्यंतच सुकतो आणि हाताला खरखरीत लागतो. आमच्याकडे सकाळी दात वाजतात आणि दुपारी शेडखाली भट्टी, त्यामुळे हा निर्णय दिवसातून दोनदा घ्यावा लागतो.

किसन आधी पत्र्यावर पालथा हात ठेवायचा. मग पुठ्ठ्यावर थोडा थिनर ओतून नाक जवळ न्यायचा, वास किती वेळात विरतो ते बघायचा आणि म्हणायचा, "आज स्लो." कधी चुकला नाही. मी त्याला चांगला मास्क आणून दिला होता, तो खिळ्याला लटकलेला. रंग मारतानाही नाक उघडंच. "ते बांधलं की वासच कळत नाय, राव. मंग थिनर काय तुझा आजा वळखणार?" मी हसलो. नुसता हसलो असतो तरी ठीक होतं. पण मी मुळातला बढाईखोर माणूस, प्रत्येक गिऱ्हाइकाला हाक मारून दाखवायचो, "या पावणं, बघा! आमच्या किसनचं नाक म्हंजी मीटर!" लोक चहाचे कप घेऊन भोवती उभे राहायचे. किसन लाजायचा, आणि आणखी खोल वास घ्यायचा.

खोकला सुरू झाला तेव्हा मी त्याला धुळीचा ठरवला. पुढं चार पावलं चालला तरी छाती वाजू लागली. दवाखान्यात डॉक्टरांनी कामधंदा विचारला आणि म्हणाले, रंग मारताना छातीत गेलेली हार्डनरची वाफ आहे ही, वर्षानुवर्षांची. "मास्क लावत नव्हते का?" वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे. किसनच खाटेवरून बोलला, "त्याला काय इचारता डॉक्टर? नाक माझं व्हतं. मीच नाय लावला." माझ्या लेखी तेव्हाही एक सबब होतीच, की मास्क लावून ते काम झालंच नसतं.

बेल्ह्याच्या एका पिकअपचं काम अर्धवट राहिलं होतं. दारं किसननं रंगवलेली, बोनेट बाकी. मालक भला माणूस. "घाई नाय भाऊ, पण बाजाराला गाडी लागती," म्हणाला. रंगाखालचा प्राइमर मारायचा मला सराव होता, म्हणून रंगाची गन मीच उचलली. तोंडाला मास्क घट्ट बांधला. सवयीनं पुठ्ठ्यावर थिनर ओतला, वाकलो... वास नाही, काही नाही. आता कसं ठरवायचं? मग बोनेटवर पालथा हात ठेवला. दुपारचा पत्रा चांगलाच तापला होता. स्लोचा डबा उघडला.

दुसऱ्या दिवशी मालकानं दारावरून बोनेटवर तळहात फिरवत नेला. "कुटं फरक लागंना. हे किसनभाऊनं मारून ठिवलं व्हतं का?"

मी नुसती मान डोलावली. तो गेल्यावर तिथंच स्टुलावर बसलो. माझ्यासारख्या ठोक्याला पहिल्याच खेपेला जमलं, तेही नाक बांधून. मग किसनला तर हात ठेवल्या ठेवल्याच कळत असणार, रोज. त्यानंतरचा वास तो मी गोळा केलेल्या लोकांसाठी घेत होता.