भाचीचं उपोषण

माझ्या भाचीच्या यकृतात साखरेचा साठा होत नाही. तो साठा, म्हणजे ग्लायकोजेन, बांधणारं प्रोटीन तिच्यात जन्मापासूनच बिघडलेलं आहे. म्हणून दर तीन तासांनी खाणं, नाहीतर कच्चं कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून पाजणं. उशीर झाला की पोर थंडगार पडते.

आणि तेच प्रोटीन माझी वहिनी, म्हणजे पोरीची आईच, औंधच्या पुढे एका लॅबमध्ये बनवायची! माणसाचं जनुक जंतूंत घालायचं, जंतूंकडून प्रोटीन करून घ्यायचं, कुप्या भरून परदेशी पाठवायच्या. हे कळलं तेव्हा खडकीच्या क्वार्टरमध्ये ती पोळ्या लाटत होती. मी सरळ विचारलं, "मग हिला का देत नाहीस?"

"ते औषध नाही गं. प्रयोगाला लागतं. कुपीवर छापलंय तसं."

"छापणारे कोण?"

"अगं, रक्तात सोडलं तरी यकृताच्या पेशीत शिरत नाही ते. मला काय हौस आहे न द्यायची?"

मला कळलं नाही. आजही नीट कळलेलं नाही. आणि कळलं नाही की मी पत्रक काढते, कॉलेजपासूनची खोड. 'मानवी प्रोटीन परदेशाला, मानवाला ठेंगा!' नारायण पेठेत छापून घेतलं आणि वहिनीला न सांगता लॅबच्या गेटसमोर एक दिवसाच्या उपोषणाला बसले. शाळेला सुट्टी, दादा फॅक्टरीत, वहिनी आत कामावर. म्हणून भाचीही बरोबर. तिचा डबा, तिची बाटली, सगळं घेतलं होतं.

आयटीवाल्यांच्या बस जात होत्या. पत्रक कोणी घेईना. वॉचमनने एक घेतलं, पूर्ण वाचलं.

"ताई, मागणी काय आहे पण?"

"औषध द्या."

"इथे औषध बनत नाही."

हाही तेच!

अकरा वाजता मी बाटली हलवून भाचीपुढे धरली. तिने तोंड फिरवलं.

"माझं पण उपोषण आहे."

"तुझं नसतं, बाळा."

"का? आजारी तर मीच आहे."

घोषणा मीच शिकवलेल्या. समजावलं, दटावलं, ओठ घट्ट. थोड्या वेळाने हात गार, कपाळावर घाम, मान कलायला लागली.

वॉचमनने थर्मासमधला चहा कपात ओतला, वर साखर घातली. "आधी तुम्ही प्या," मला म्हणाला. "तुम्ही सोडल्याशिवाय ती सोडायची नाही."

मागणी मान्य नाही, लिंबूपाणी नाही, फोटो नाही. मी घोट घेतला.

"सोडलं?" भाचीने विचारलं.

"सोडलं."

मग तिने कप दोन्ही हातांनी धरला. चहामागून बाटलीही संपवली.

वॉचमनने आत फोन केला होता. वहिनी पांढऱ्या कोटात धावत आली, आधी पोरीचे हात चाचपले, मग पत्रक वाचलं. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार.

"रुजू झाले त्याच आठवड्यात मीही साहेबांना हेच विचारलं होतं," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय. समजलं, रडले, कामाला लागले. रिक्षाने घरी जा. दीडला डबा दे. अंडं आधी."

रिक्षात भाचीचे हात उबदार झाले होते. "आत्या, आपण हरलो का?"

"माहीत नाही," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं. कुणाकडून हरलो, तेही नाही. रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं, "जरा जोरात घ्या हो, पोरीला दीडला जेवायचंय."