दिगूभाऊंचा वरचा सूर

नांदुऱ्याच्या आमच्या ऑर्केस्ट्रा पार्टीत मी बोंगो वाजवतो. शाळा सातवीतच सुटली. चारचौघांत माझं तोंड उघडत नाही, पण कान उघडे असतात, त्यामुळे किस्से माझ्याकडे न मागता साचत जातात. हे आमचे गायक दिगूभाऊ यांचे. त्यांचा आवाज का बसला? जिल्हाभर कंड्या आहेत. कोणी म्हणतं नजर लागली, कोणी म्हणतं शेंदूर चारला. मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसायचो. मला ठाऊक आहे.

*

दिगूभाऊ गिटार गळ्यात अडकवून उड्या मारत गायचे. गिटार त्यांना वाजवता येत नसे. पण वरचा सूर असा लागायचा की मंडपामागचे बैल कान टवकारत. पार्टीत पहिल्यांदा माइक आला, तेव्हा त्यांनी तो बाजूला सारला आणि पेटीवाल्या मास्तरांना म्हणाले, "मास्तर, माइक आजारी मानसाले लागते."

पाच वर्षं तसेच गायले.

*

दिवसा ते कापसाच्या जिनात मुकादम. यंत्रांचा खडखडाट, हवेत तूस, आणि त्यावरून मजुरांना हाका. वहिनींनी तोंडाला बांधायला फडकं दिलं. संध्याकाळी घसा आणखी बसलेला!

फडक्यातून आवाज जाईना, म्हणून दुप्पट ओरडले होते.

*

डॉक्टरांनी पंधरा दिवस मौन सांगितलं. वहिनींनी पाटी-पेन्सिल आणून दिली. भेटायला येणाऱ्याला दिगूभाऊ पाटीवर लिहून दाखवायचे, 'घसा बरा आहे.' एक म्हातारबा म्हणाले, "मले वाचता येत नाही, भाऊ."

दिगूभाऊंनी त्यांना अख्खा मुखडा गाऊन दाखवला. वरच्या सुरासकट.

*

एकदा तालमीत सूर फाटला. दिगूभाऊ शांतपणे म्हणाले, "ज्या दिवशी लोकायसमोर असं झालं, त्या दिवशी गाणं सोडलं." ते सोडतील हे मास्तरांना माहीत होतं. पुढच्या कार्यक्रमात त्यांनी न सांगता नेहमीच्या काळी चारऐवजी खालच्या पट्टीत, काळी दोनवर पेटी धरली. मला डोळ्यांनीच गप्प राहायला खुणावलं. गाणं सुरेख झालं.

दिगूभाऊ खुश. "मौनानं गुण आला, मास्तर. उद्या एक पट्टी वर घ्या."

*

जळगाव जामोदला बाजाराच्या दिवशी दुपारी कार्यक्रम होता. दिगूभाऊंनी स्वतः पेटीवर बोट ठेवून काळी चार दाखवली, म्हणून मास्तरांचा इलाज चालेना. गाजलेलं गाणं सुरू झालं, वरची जागा आली आणि सूर फाटला. समोर हजारभर माणूस. माझे हात थांबले.

दिगूभाऊंनी गळ्यातली गिटार काढून खाली ठेवली. मला वाटलं, संपलं. ते माइकजवळ आले, अगदी ओठ टेकतील इतके, आणि म्हणाले, "मास्तर, काळी दोन. सांगून घ्या आता."

उडी न मारता, हळू आवाजात त्यांनी तेच गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं.

कार्यक्रमानंतर पुढच्या रांगेतला एक कांदेवाला स्टेजजवळ आला. डोळे पुसत म्हणाला, "दहा वर्सं झाले हे गाणं आयकून राह्यलो, भाऊ. त्यातली ते बाई मरते, हे आज समजलं."