घोडा बांधायचा कुठे

पुनावळ्यात शेजाऱ्यांच्या मुलाचं लग्न होतं. वरात महामार्गालगतच्या कार्यालयाच्या दारात आली, नवरदेव उतरला आणि घोड्याच्या पाठीवरची जरीची झूल सरकली. खोगिराच्या पट्ट्याखाली तळहाताएवढी ओली जखम होती. पुढचा डावा पाय तो टेकत नव्हता.

"याला कामाला लावणं गुन्हा आहे," मी घोडेवाल्याला म्हणालो.

त्याच्याआधी नवरदेवाचा मामाच बोलला. "आता उतरलाय की नवरदेव! जेवायला चला, राव."

गावातल्या एका आजोबांनी भर घातली, "घोडं हाय त्ये. त्येलाबी आहेर करायचा व्हय?" आजूबाजूचे हसले.

मी पोलिसांना फोन केला. हवालदार आले, त्यांनी जखम पाहिली आणि मान्यही केली. जखमी जनावराकडून काम करून घेणं १९६०च्या कायद्यापासून गुन्हा आहे. पहिल्या वेळेला दंड पन्नास रुपयांपर्यंत. घोडा जप्त झाला. घोडेवाल्याने लगाम धरून त्याला लंगडतच चौकीपर्यंत चालवत नेलं. मी मागोमाग गेलो.

चौकीच्या आवारात जप्त मोटारसायकली गंजत उभ्या होत्या. त्यांच्या शेजारी घोडा बांधला.

"हा जिवंत मुद्देमाल ठेवायचा कुठं, तुम्हीच सांगा," हवालदार म्हणाले.

रविवार होता, सरकारी पशुवैद्य सोमवारी मिळणार होते. मी प्राण्यांच्या निवाऱ्यांना फोन लावले. कुत्र्यांची सोय होती, घोड्याची कुठेच नव्हती.

"तुमच्या सोसायटीत न्या, भाऊ. पार्किंग असेल ना?" हवालदारांनी सुचवलं.

सोसायटीच्या सचिवांना मी खरोखरच विचारलं. "चेष्टा करताय का?" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

घोड्याला कायद्याने जप्त करता येत होतं. त्याला पाणी कोण पाजणार, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. शेवटी बादली आणली ती घोडेवाल्यानेच. चाराही त्याच्याकडेच होता. तासाभराने, सोमवारी तपासणीला आणायच्या अटीवर, घोडा पुन्हा त्याच्याच ताब्यात दिला गेला.

"कामाला लावायचा नाही," हवालदारांनी बजावलं.

"नाही साहेब."

फाटकाबाहेर येताच त्याने झूल झटकली आणि जखमेवरून सारखी केली. कुठे निघालात, मी विचारलं.

"मारुंजी. दुसरी वरात आहे," तो म्हणाला. "तुमच्यामुळे उशीर झाला. आता पळवावा लागेल."