पडद्यावरचा उंडा

माझं अक्षर वाकडं आहे, आणि वेलांटी कुठं पहिली द्यायची, कुठं दुसरी, याचा मला कधी अंदाज आला नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. हे पान कुणाच्या हाती पडलंच तर त्यानं सांभाळून घ्यावं. खरं तर कुणाला दाखवायला मी लिहीतच नाही. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून बोलायचं राहून जातं ते इथं लिहिते.

मी सानगडीला राहते आणि लांब पोळ्या करते. लग्न असो, तेरवी असो, बोलावणं आलं की जाते. ही पोळी लाटायची नसते. कणीक खूप सैल भिजवायची आणि तार सुटेपर्यंत आपटायची. मग तिचा उंडा, म्हणजे गोळा, ओल्या हातावर घ्यायचा आणि दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत लांबवायचा. लांबला की चुलीवर पालथ्या ठेवलेल्या मडक्यावर टाकायचा. हात कोरडा राहिला तर उंडा हाताला धरून बसतो आणि फाटतो. म्हणून परातीशेजारी पाण्याचा गंज, म्हणजे पातेलं, ठेवलेला असतो, आणि दर उंड्याआधी आमचा हात त्यात जातो. हे कुणी शिकवत नाही, बघून बघून लागतं.

माझी भाची, भावाची मुलगी, नागपूरला इंजिनियरिंग शिकते. भाऊ वरठीला कारखान्यात आहे. पोरगी लहानपणापासून सुट्टी लागली की माझ्याकडं पळून येते. शेवटच्या वर्षाला गेली तेव्हा दिवाळीत आली आणि बॅग खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "आत्या, मले तुहे हात पाहिजेत."

"मंग मी पोळ्या कायनं करू?"

"थट्टा नको करू वं. कम्प्युटरवर चित्र दिसते, आवाज ऐकू येते. पण हात लावला तं नुसती काच लागते. मी असं यंत्र करून राहिली, का चित्राले हात लावला तं ते हाताले लागलं पायजे. दगड असन तं दगडासारखं, उंडा असन तं उंड्यासारखं."

आमचे घरचे, म्हणजे माझा नवरा, खाटेवर पडून ऐकत होते. ते म्हणाले, "अन् पोट भरन का त्यानं? भरत असन तं आमच्या घरी एक बसवून दे. गहू वाचन."

"चव पुढच्या वर्षी, मामाजी!"

मग तिनं मला समजावून सांगितलं. एक पेनासारखी दांडी, ती सांध्या-सांध्यांच्या हातावर बसवलेली, आणि सांध्यांमध्ये लहान मोटरी. आपण दांडी हलवली की पडद्यावर एक ठिपका हलतो. तो ठिपका चित्रातल्या उंड्याला टेकला की मोटरी दांडीला उलट रेटतात. हवेत काहीच नसतं, पण हात अडतो. कॉलेजातल्या जुन्या मोटरी दणके द्यायच्या, म्हणून तिला चांगल्या घ्यायच्या होत्या. सामानाचा खर्च कॉलेज परत देणार होतं, पण काम चालताना पाहून सरांनी पास केलं तरच. आणि भावाचे पैसे तिच्या फीमध्येच संपले होते.

तिनं माझ्याकडं मागितले नाहीत. नुसतं सांगितलं आणि भांडी घासायला बसली.

आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी सतरंजीच्या टोकाला, दाराजवळ बसते. इतक्या वर्षांत कधी कर्ज मागितलं नव्हतं. दिवाळीनंतरच्या बैठकीत मागितलं तर अध्यक्षबाईनं पेनच खाली ठेवलं.

"अवं, ही बोलली! कायले पायजेत पैसे?"

"भाचीच्या यंत्रासाठी."

"कायचं यंत्र?"

मी खाली मान घालून सांगितलं, "हवेतला उंडा हाताले लागते, असं."

सगळ्या जणी पदर तोंडाला लावून हसल्या. एकीनं विचारलं, "मंग पैसे बी हवेतूनच फेडशीन का?" मीही हसले. पैसे मिळाले. पण घरी आल्यावर मी हिशेब करत बसले. ते पैसे या बायांचे होते, अंड्या-भाजीपाल्यातून साठलेले, आणि कर्ज माझ्या नावावर होतं. सरांनी काम पास केलं नाही तर मी ते कुठून भरणार होते? आणि दाराजवळ का होईना, त्या सतरंजीवर परत कशी बसणार होते?

मोटरी आल्या. होळीला भाची यंत्र घेऊन आली. आम्ही ते मधल्या खोलीत तांदळाच्या पिंपावर मांडलं. पहिल्यांदा दांडी धरून उंड्यात खुपसली तर हात ठक्कन थांबला.

"हा तं दगड होय."

तिनं काहीतरी बदललं. "आता?"

"आता दही."

पुन्हा बदललं, तर दांडी माझ्या हातात थरथर कापायला लागली. पकडलेली कोंबडी कापते तशी. मी घाबरून सोडली. भाची म्हणाली, "कम्प्युटर मांगं पडून राहिला आत्या. हात आत गेल्यावर त्याले समजते, मंग तो जोरात बाहेर फेकते. परत आत, परत बाहेर." तिनं चित्रातल्या उंड्याच्या सुरकुत्या कमी केल्या, हिशेब हलका झाला आणि थरथर थांबली. मला वाटलं, बरं झालं, सुरकुत्या काढल्यानं कुणाचं तरी भलं होतं.

पण लांबवायचं जमेना. ती विचारायची, "ओढतानी कसं लागते?" मी म्हटलं, जड. तिनं जड केलं, ते चुकलं. मी म्हटलं, हलकं. तेही चुकलं. सगळा जन्म ज्यात हात घातला त्याबद्दल मला एक वाक्य सांगता येईना. मी चिडून म्हटलं, "मले नाई माहीत. माह्या हाताले विचार."

ती विचार करत बसली. मग तिनं रद्दीवाल्याकडचा लटकवायचा वजनकाटा आणला, माझ्या कणकेचा गोळा त्याच्या आकड्याला अडकवला आणि हळूहळू ओढला. मग झटक्यानं ओढला. झटक्यानं ओढला तेव्हा काटा खूप पुढं पळाला. हळू ओढला तर थोडा चढला आणि ओढत असतानाच परत खाली आला. "पाय आत्या, हे घाई करणाऱ्याले अडवते, अन् हळू जाणाऱ्याले वाट देते." ती टाळ्या पिटायला लागली. मीही पहिल्यांदाच पाहत होते. तिनं ते यंत्रात घातलं. मी दांडी ओढली, परत ओढली. उंडा लांबत होता.

गंमत अशी की पडदा झाकला की मला नुसती मोटर ओढताना कळायची. पडदा उघडला की लगेच कणीक. डोळे हाताला काय सांगतात कोण जाणे.

दाखवायच्या दिवशी ती मला नागपूरला घेऊन गेली. मी नको नको म्हणत साकोलीपर्यंत गेले आणि मग बसमध्ये बसलेच. खोलीत मुलं-मुली दाटून उभी होती. मी भिंतीला टेकून उभी राहिले. सरांनी स्वतः दांडी ओढून पाहिली.

"चांगलं आहे," ते म्हणाले, "पण हे कणकेसारखंच लागतं, हे कशावरून म्हणतेस? उद्या तू याला चिखल म्हणशील."

भाचीनं यंत्रापुढची खुर्ची मागं ओढली. मग म्हणाली, "आत्या, तू कर."

सगळे वळून माझ्याकडं पाहायला लागले. मी खुर्चीवर बसले आणि कुणाकडं बघायचं नाही म्हणून पडद्याकडंच बघत राहिले. परात होती, परातीत उंडा होता, पांढराशुभ्र. शेजारी टेबलावर सरांच्या पाण्याचा ग्लास होता.

माझा हात ग्लासात गेला.

पाणी निथळत असतानाच मी दांडी धरली आणि उंडा उचलला. काय सुंदर आला! एकदा लांबवला, दुसऱ्यांदा लांबवला, पाणी मनगटावरून दांडीवर, दांडीवरून सांध्यात. चट् असा आवाज झाला, जळका वास आला आणि दांडी मेल्यासारखी खाली पडली.

"आत्या!" भाची किंचाळली. "पाणी कायले घेतलं?"

"चिपकला असता ना वं," मी म्हणाले.

आधी एक मुलगी हसली, मग सगळी खोली. माझ्या डोळ्यांपुढं मात्र गटाची सतरंजी आली. पास तर सोडाच, मी मोटरच जाळली होती. भाचीचा चेहरा उतरला होता. सरांनी पाण्याचं काय ते विचारलं. भाचीनंच लांब पोळीचं सगळं सांगितलं.

सर माझ्याकडं वळले. "पण बाई, तिथं कणीक नाही हे तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"ठाऊक होतं जी. पण हात गेला."

त्यांनी मेलेली दांडी उचलून नीट ठेवली. मग हसतच भाचीला म्हणाले, "मी विचारत होतो कशावरून. आता काय विचारू? पास. पण पुढच्या वेळी ग्लास माझ्यापासूनही लांब ठेव."

परतीच्या बसमध्ये आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत होतो. भंडाऱ्याचा पूल आला तरी हसू थांबत नव्हतं.

कॉलेजनं सामानाचे पैसे दिले, पण जळालेल्या मोटरीचे दिले नाहीत, आणि ते बरोबरच होतं. मी म्हटलं, ते मी भरते, पाणी माझं होतं. ती म्हणाली, यंत्र माझं होतं, पाणी लागणार हे मलाच समजायला पाहिजे होतं. शेवटी उन्हाळ्यात लग्नं सुरू झाली तेव्हा ती माझ्याबरोबर पोळ्यांना यायला लागली. तिच्या हातावर पहिला उंडा कोपरापर्यंत पोचलाच नाही, मधेच भोक पडलं. परातीभोवतीच्या बाया सोडतात थोड्याच!

"काहून वं इंजिनियरबाई, टीव्हीत लांबते अन् इथं फाटते?"

"तिथं फाटली तं एक बटन दाबाचं, मावशी. इथं बटन कुठी हाये?"

"बटन नाई, चूल हाये. जाय, जाळ घाल."

ती जाळ घालायची आणि पोळ्यांच्या घड्या करायची. धुरानं डोळे लाल व्हायचे, पण एका बोलावण्याला नाही म्हणाली नाही. तिच्या वाट्याचे आणि माझ्या वाट्याचे पैसे आम्ही एकाच डब्यात टाकायचो. लग्नांचे दिवस संपत आले तसा डबाही भरला.

गटाच्या पुढच्या बैठकीला ती माझ्याबरोबर आली. मी दाराजवळ न बसता सरळ अध्यक्षबाईच्या समोर जाऊन बसले आणि पैसे सतरंजीवर ठेवले. अध्यक्षबाईनं नोटा मोजल्या, वहीत लिहिलं आणि वही माझ्याकडं फिरवून सही घेतली.

"झालं बाई," ती म्हणाली. "व्याजासकट सगळं आलं. तुह्यावर आता एक पैसा नाई."