फुकटचं ऊन, फुकटची काठी: आप्पांसोबत नंदुरबारचे चार दिवस

नंदुरबारला जायचं हे मी ठरवलंच नव्हतं. ते फुईने ठरवलं, फोनवर, कुणालाही न विचारता. "त्याले लई ये. आठे ऊन शे," एवढं बोलून तिने फोन ठेवला.

फुई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम कोरीट, नंदुरबार तालुका. आणि 'त्याले लई ये' म्हणजे त्याला घेऊन ये, आप्पांना, माझ्या वडिलांना. आप्पा पोस्टातून निवृत्त झाले त्याला चौदा वर्षं झाली. नाशिकला आम्ही दोघंच राहतो. गेल्या मार्चमध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, बोलणं परत आलं, पण डावा पाय ओढत राहिला. पाय वापरला तरच सुधारेल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. आप्पांनी तो वापरला नाही. खुर्ची, टीव्ही आणि पलंग, या तीन ठिकाणांत आठ महिने गेले. बंगळुरूला असलेल्या माझ्या भावाने एक चांगलं शुश्रूषा केंद्र शोधून ठेवलं होतं. जानेवारीत तिथे जागा होणार होती. मला त्याचा राग आला नाही, कारण माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता.

म्हणून डिसेंबरच्या एका सकाळी गाडीत चार पायांचा वॉकर, घडीची चाकाची खुर्ची, औषधांचा डबा आणि गप्प बसलेले आप्पा, असं सगळं भरून मी निघाले.

रस्त्याचं सांगते. नाशिक, मालेगाव, धुळे, दोंडाईचा, नंदुरबार असा मार्ग घेतला. धुळ्यापर्यंत महामार्ग आहे, काही बघावं लागत नाही. पुढे रस्ता अरुंद होतो आणि कापसाच्या, उसाच्या गाड्यांमागे रांगावं लागतं. सोबत म्हातारं माणूस असेल तर सहा-सात तास धरा. नंदुरबार जवळ आल्याचं पाटी सांगायच्या आधी नाक सांगतं. मोकळ्या मैदानांवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या असतात. काच खाली केली आणि आम्ही दोघंही शिंकलो. सहा तासांत आप्पांनी काढलेला तो पहिला आवाज.

कोरीटला पोचलो तेव्हा फुई दारातच होती. तिने भावाकडे नीट पाहिलं, वॉकरकडे पाहिलं आणि आत जाऊन ताटं वाढली. दादर ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, कांद्याची पात. रडारड नाही, चौकशी नाही. आप्पा निम्मी भाकरी खाऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं आणि फुईचं भांडण झालं.

घर साधं आहे. दोन खोल्या, पुढे पडवी आणि मोठं अंगण. अंगणाच्या टोकाजवळ कडुनिंब. पडवीत गारठा होता. फुईने खाट उचलली, ओढत नेऊन निंबाच्या पलीकडे, जिथे ऊन सगळ्यात आधी पडतं तिथे टाकली. वर गोधडी घातली. मग चहाचा कप नेऊन खाटेच्या गातावर, कडेच्या लाकडी दांडीवर ठेवला आणि पडवीत बसलेल्या आप्पांना म्हणाली, "चहा तठे शे. जाय आनि पी ले."

मी उठले. कप घेऊन यायला निघाले, तर तिने माझा हात धरला.

"ऱ्हाउ दे. त्याले पाय शेतस ना?"

"फुई, ते पडतील."

"तू त्याले लुळा करी टाकशी," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, म्हणून जास्त लागलं. आठ महिने माझी झोप पुरी झाली नव्हती. मी तिला नको ते बोलले. तुम्हाला इथून बोलायला काय जातं, असंही म्हणाले. तिने ऐकून घेतलं, हात सोडला नाही.

आप्पा हे सगळं बघत होते. चहावरची वाफ त्यांना दिसत होती. पाचेक मिनिटं गेली असतील. मग त्यांनी वॉकर पुढे ओढला आणि उभे राहिले. उजवा पाय, वॉकर, मग डावा पाय घासत. अंगणातल्या मातीत त्याचा एक लांबलचक ओरखडा उठत गेला. निंबापाशी थांबले, खोडाला हात लावून दम घेतला, पुन्हा निघाले. खाटेवर बसले तेव्हा चहा गार झाला असणार. त्यांनी तो संपवला आणि बहिणीकडे बघून म्हणाले, "तू जशी व्हती तशीच शे."

आप्पांच्या तोंडून अहिराणी मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. आई विदर्भातली, त्यामुळे आमच्या घरात शाळेचीच मराठी बोलली गेली. त्या सकाळी बहीणभाऊ उन्हात दोन तास बसले. फुईने निंबाची काडी मोडून दिली, ती चावत आप्पा कुणाच्या तरी म्हशीची, कुणाच्या तरी लग्नाची गोष्ट सांगत होते. झटक्यानंतर मराठी बोलताना ते शब्दाला अडायचे. इथे अडत नव्हते, किंवा अडले तर फुई शब्द पुरवायची आणि दोघं पुढे जायची. मी पडवीत बसून शेंगा सोलत होते. मला अर्धं कळत नव्हतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं.

चूक मी तिसऱ्या दिवशी केली. अंगण जमलं म्हणून थेट तापीकाठचं प्रकाशा गाठलं.

तुम्ही जाणार असाल तर सकाळी जा. बंधाऱ्यामुळे तापी तिथे रुंद आणि शांत असते. देवळांच्या बाजूला घाट आहे, शनिवार-सोमवार सोडला तर गर्दी बेताची. घाटाजवळ नारळ, फुलं आणि गरम भजी मिळतात. आप्पांना पाण्यात हात घालायचा होता. वॉकर सपाट जमिनीसाठी असतो, हे मला माहीत असायला हवं होतं. तिसऱ्या पायरीवर त्याचा एक पाय शेवाळावरून सटकला. आप्पा धपकन खाली बसले आणि वॉकर खणखणत पाण्यापर्यंत गेला. शेजारी कपडे वाळत घालणाऱ्या दोन बायका धावत आल्या. "बाबा, लागनं का?" एकीने विचारलं. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही. आम्ही तिघींनी मिळून त्यांना उठवलं.

गाडीत बसल्यावर ते मराठीत म्हणाले, "मला नाशिकला ने."

कोरीटला पोचल्यावर मी कपडे भरायला घेतले. भावाला फोन करून हो म्हणायचं, हेही मनात ठरलं होतं. फुईने सगळं ऐकलं. "पडना ना? मंग उठना बी ना?" ती म्हणाली आणि कोपरावर हळद लावायला गेली. मग दाराशी थांबून तिने विचारलं, "तू त्याले इचारं का?"

नव्हतं विचारलं. खरं सांगायचं तर आठ महिन्यांत मी त्यांना काहीच विचारलं नव्हतं. जेवणाची वेळ, अंघोळीची वेळ, कुठला शर्ट, सगळं मीच ठरवत होते.

चौथ्या दिवशी सकाळी विचारलं. "आप्पा, नाशिकला जाऊया, की इथे थांबूया, की आणखी कुठे जायचंय?"

ते खाटेवर सरळ होऊन बसले. मग म्हणाले, "शहाद्याला मी तीन वर्षं होतो. तोरणमाळची टपालाची पिशवी रोज माझ्या हातून जायची. मी वर कधी गेलो नाही."

तोरणमाळला जायचं तर शहाद्यातच पेट्रोल भरून घ्या, पुढे भरवसा नाही. म्हसावदवरून रस्ता सातपुड्यात शिरतो आणि घाट सुरू झाला की पहिल्या-दुसऱ्या गियरशिवाय गाडी चढत नाही. वळणं जवळजवळ आहेत, हॉर्न वाजवत जा. वर पोचल्यावर थंडी एकदम अंगावर येते. स्वेटर डिकीत ठेवू नका. मोबाइलला रेंज असली तर नशीब समजा. खाण्याचे पर्याय थोडे आहेत, म्हणून फुईने भाकरी-ठेचा बांधून दिला होता. आप्पा पूर्ण घाटभर काचेला नाक लावून बसले होते.

तळ्याकाठी जामसिंगदादांची चहाची टपरी आहे. पन्नाशीचे, पावरा समाजातले, घरी पावरी बोलणारे, आमच्याशी मराठी आणि अहिराणी मिसळून बोलले. मी वॉकर काढला तसे ते बघत राहिले. तळ्याकाठची जमीन दगडधोंड्यांची, वॉकर दोन पावलांतच अडला. आप्पांचा चेहरा कालच्यासारखा व्हायला लागला.

"बाबा, हे इथलं नाही," दादा म्हणाले. "थांबा."

ते टपरीमागे गेले आणि बांबू घेऊन आले. आप्पांना टपरीच्या खांबाला टेकून सरळ उभं केलं, हात खाली सोडायला लावला. मनगटाशी बांबूवर नखाने खूण केली, कोयत्याने तिथे तोडला आणि वरचं टोक दगडावर घासून गुळगुळीत केलं.

आप्पांनी काठी डाव्या हातात घेतली. दादांनी ती काढून उजव्या हातात दिली. "दुखत्या पायाकडे नाही. चांगल्या हातात. काठी आणि दुखता पाय बरोबर टाकायचा."

"तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

"गुजरातला ऊस तोडायला गेलो होतो, तिथे पाय मोडला. वर्षभर काठी होती." त्यांनी पँट वर करून नडगीवरचा वण दाखवला. "पहिले तीन महिने मीही उलट्या हातात धरली."

आप्पा निघाले. मी मागे हात पसरून चालत होते, तेव्हा दादा म्हणाले, "ताई, तुम्ही चहा घ्या." मी बसले. कप हातात धरला, पण प्यायले नाही. काठी आणि डावा पाय, मग उजवा. पाय अजून घासत होता, पण दर चार-पाच पावलांनी एकदा तो उचलला जात होता. तळ्याच्या कडेने ते एका पडलेल्या झाडापर्यंत गेले, त्यावर बसले, पाण्याकडे पाहत राहिले. मग त्यांचे तेच उठले आणि परत आले. कपाळावर घाम होता, त्या थंडीत.

टपरीशी येऊन ते दादांना म्हणाले, "तुमच्या गावाचं टपाल माझ्या हातून जायचं. शहाद्याच्या पोस्टातून."

दादांनी चहा गाळता गाळता विचारलं, "मग इतकं उशिरा का यायचं?"

आप्पा हसले. पोट हलेपर्यंत हसले, आणि मला त्या टपरीवर सगळ्यांसमोर रडू आलं.

निघताना मी काठीचे पैसे विचारले. दादांनी चहाचे घेतले. "बांबू घरामागे उगवतो," म्हणाले.

नाशिकला आल्यावर व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना काठी दाखवली. त्यांनी उंची तपासली, बरोबर आहे म्हणाल्या आणि खाली रबर बसवायला सांगितलं. कोपऱ्यावरच्या चांभाराने टायरचा तुकडा ठोकून दिला. बाईंनी व्यायामही वाढवला आणि आप्पा तो कुरकुर न करता करतात. पाय पूर्ण बरा होईल का, ते कुणी सांगत नाही. फुईला रोज दुपारी फोन असतो, तेवढा वेळ आमच्या घरात अहिराणी चालते. मीही थोडी शिकले आहे. भावाला मी सांगितलं की ती जागा दुसऱ्या कुणाला जाऊ दे. त्याने "नक्की?" असं दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा हो म्हटलं.

या सहलीला काहीच खर्च आला नाही असं मी म्हणणार नाही. पेट्रोल आणि चार दिवसांची रजा लागलीच. पण आप्पांच्या कामी जे आलं ते ऊन, एक बांबू, आपली भाषा आणि कुणीतरी विचारलेला एक प्रश्न. यातलं निम्मं आमच्या नाशिकच्या घरीही होतं. मीच ते वापरत नव्हते.

परवाची गोष्ट. सकाळी अंघोळ करून बाहेर आले तर आप्पांची खोली रिकामी होती आणि दार उघडं. गॅलरीतून पाहिलं तर भाजीच्या गाडीकडून रस्ता ओलांडून ते आमच्या जिन्याशी पोचले होते. मी चप्पल न घालताच जिना उतरायला लागले. अर्ध्या जिन्यात पाय थांबले. खालून पाय घासल्याचा आवाज येत होता, एकेका पायरीवर. आप्पा चढत होते. डाव्या मनगटाला मेथीची पिशवी लटकत होती आणि काठी बगलेत धरून उजव्या हाताने त्यांनी कठडा पकडला होता.

वर बघून ते म्हणाले, "मध्ये उभी राहू नकोस. सरक."

मी सरकले.