वर्षश्राद्धाची पंगत

"ह्या मावशी. पोटच्या पोरानं रस्त्यावर सोडलं ह्यास्नी," अण्णा म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

अण्णा म्हणजे मठाच्या निवाऱ्याचे व्यवस्थापक. मी पंगतीत बसलेली. जेवण देणारे पाहुणे वाकून बघत होते.

त्यातल्या वहिनी माझ्या ओळखीच्या. त्यांच्या घरी मी कामाला होते, सासूचं सगळं मी केलं. हगणं-मुतणं, भरवणं, कुशीवर वळवणं. झोपायची त्यांच्याच स्वयंपाकघरात. म्हातारी गेली. तेराव्याची भांडी मी घासली, आणि हात पुसायच्या आत वहिनी म्हणाल्या, "आता तुझं काय काम हाय इथं?"

संध्याकाळी मी एसटी स्टँडच्या बाकावर.

आज त्याच म्हातारीचं वर्षश्राद्ध. म्हणून आम्हा बेघरांना गव्हाची खीर.

माझं लेकरू पुण्यात हॉटेलात कामाला. टेबलं सरकवून तिथंच झोपतं. मला कुठं ठेवील? फोनवर आधी विचारतं, "माय, जेवलीस का?" हे सगळं मी अण्णांना रडून सांगितलेलं. वहिनींचं नावसुद्धा.

"काय पोरं असत्यात बाई आजकाल!" वहिनी म्हणाल्या. माझ्याकडं बघून. डोळा चुकवला नाही.

मी परभणीकडची. चौथीत शाळा सुटलेली. कोल्हापुरात माझं कुणी नाही. मठानं स्टँडवरून उचललं, अंथरूण दिलं, आतून कडी लागणारं दार दिलं. ते मी विसरणार नाही. पण इथूनही काढलं तर?

शेजारची शांताबाई पुटपुटली, "गप खा. खीर गरम हाय."

मी उठले.

"माझ्या लेकरानं मला टाकलं नाही. ह्या वहिनींनी काढलं."

"डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या," वहिनी म्हणाल्या. अण्णांनी मान डोलावली.

मान डोलावली! सगळं ठाऊक असलेल्या माणसानं.

नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "खरं सांगितलं तर कोण देणार हाय, मावशी? तुमच्यासाठीच करतोय की."

माझ्यासाठी. मला आसरा दिला आणि माझं लेकरू विकलं.

मी मठ सोडणार नाही. हे छप्पर मला लागतं. उद्या कुणाची तरी सासू मरेल, आणखी एक बाई इथं येईल, तिलाही लागेल. झाडू मारीन, भाकऱ्या थापीन, देवापुढं हात जोडीन. पण पंगतीत पुन्हा माझ्या लेकरावर बोट उठलं, की मी उठणार. हाकलायचं असेल तर हाकला. स्टँडवर कुणी विचारलं, 'कुणी काढलं?', तर आता एक नाही, दोन नावं सांगीन.